वाडा दिसतो, बोली ऐकू येत नाही

बेळगाव मध्ये धरून नकाशावर एक वर्तुळ काढलं, तर मराठी कथा-कादंबरीचा केवढा मोठा भाग त्यात येतो हे लक्षात येऊन थक्क व्हायला होतं. पश्चिमेला ताम्रपर्णीच्या काठचं कोवाड, रणजित देसाईंचं. त्याच्या पलीकडे आजरा, शिवाजी सावंतांचं. गडहिंग्लजच्या परिसरात राजन गवस. निपाणीत महादेव मोरे आणि निपाणीजवळच कागल, आनंद यादवांचं. खुद्द बेळगावात इंदिरा संत आणि त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत. या पट्ट्यातल्या साहित्यावर गेल्या चाळीसेक वर्षांत दूरदर्शनची मालिका झाली, चित्रपट झाले, आणि आता ओटीटीवरची मालिकाही झाली. त्यांचा एकत्र विचार करण्याइतका ऐवज आता साठला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. आपल्याकडच्या मालिका आणि चित्रपट जुना काळ दाखवायला शिकले. वाडे, चिरेबंदी, नऊवारी, पगड्या, दिवट्या, समया या सगळ्यांत आता तरबेज माणसं आहेत. तो काळ ऐकवायला मात्र आपण शिकलो नाही. सीमाभागाच्या साहित्याला याची झळ सगळ्यांत जास्त बसते, कारण या साहित्याचा जीव त्याच्या बोलीत आहे आणि त्या बोलीत कानडी मिसळलेली आहे. ती बाजूला काढली की हाती उरते ती कुठल्याही गावाची गोष्ट.

सुरुवात ‘स्वामी’पासून करावी लागते. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ साली आली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दूरदर्शनवर तिची मालिका आली १९८७ साली, दिग्दर्शक गजानन जागीरदार. रवींद्र मंकणी माधवराव पेशवे झाले आणि मृणाल देव, म्हणजे आजच्या मृणाल कुलकर्णी, रमाबाई. जागीरदारांना हा काळ परका नव्हता. प्रभातच्या १९४४ च्या ‘रामशास्त्री’त त्यांनी स्वतः रामशास्त्री रंगवले होते. त्या चित्रपटानंतर चार दशकांनी ते पुन्हा त्याच पेशवाईत आले ते छोट्या पडद्यासाठी. आजच्या मानानं साधनं तुटपुंजी होती. तरीही ती मालिका पाहिलेल्या पिढीच्या मनात माधवराव आणि रमा यांचे चेहरे मंकणी आणि मृणाल यांचेच राहिले.

ती मालिका जमली याचं मोठं श्रेय कादंबरीच्या घडणीला द्यायला हवं. ‘हे बंध रेशमाचे’ लिहिणारे देसाई नाटककारही होते आणि ‘स्वामी’ प्रसंगाप्रसंगांनी, संवादांच्या बळावर पुढे जाते. तिची मराठी पेशवाईतल्या बखरींची नाही आणि १९६० च्या दशकातल्या पुण्याचीही नाही. ती देसाईंनी घडवलेली, तोलून मापून बोलणारी, थोडी काव्यात्म अशी दरबारी मराठी आहे. रंगभूमीवर शब्द टाकायला शिकलेल्या नटांना ती मुखात आयती बसली. काळ उभा करायला भाषा पुरी पडली, कारण लेखकानं ती त्याच कामासाठी बनवली होती.

पण यात एक गोष्ट राहून गेली. कोवाडच्या लेखकाला पडद्यानं ओळखलं ते शनिवारवाड्याचा लेखक म्हणून. याच देसाईंनी ‘स्वामी’च्या आधी बेरड समाजावर ‘बारी’ लिहिली होती, ‘माझा गाव’ लिहिली होती. त्या कादंबऱ्यांतला काळही आता जुना झाला आहे, त्याही ऐतिहासिक मालिकेच्या पोटात बसतील. त्यांची माती मात्र पुण्याची नसून चंदगड-बेळगावच्या मधली आहे. इतिहास म्हटला की राजवाडाच डोळ्यांपुढे यावा, ही सवय आपल्या निर्मात्यांना ‘स्वामी’च्या यशानंच लावली असं मला वाटतं. दोष मालिकेचा नाही. तिच्या मागून आलेल्यांनी तिच्याकडून सोपं तेवढंच घेतलं.

पुढे खासगी वाहिन्या आल्या आणि रोजची मालिका हा साचा पक्का झाला. रमा-माधवाचाच विषय २०१९ मध्ये कलर्स मराठीवर ‘स्वामिनी’ या नावानं आला. त्याआधी २०१२ मध्ये झी मराठीवर ‘उंच माझा झोका’नं रमाबाई रानडे यांचं घर दाखवलं होतं. या मालिकांत कष्ट नसतात असं कोणी म्हणू नये. दागिन्यांचे नमुने, लुगड्यांचे काठ, स्वयंपाकघरातली भांडी यांचा शोध घेणारी माणसं तिथे मनापासून काम करतात. पण रोज रात्री एक भाग द्यायचा, प्रत्येक भागाचा शेवट उत्कंठेवर आणायचा, संवाद चित्रीकरणाच्या जेमतेम पुढे धावत लिहायचे, आणि चंद्रपूरपासून सावंतवाडीपर्यंतच्या प्रत्येक घरात ते एका ऐकण्यात कळायला हवेत, अशी ही यंत्रणा आहे. तिच्यातून एक मधलीच मराठी तयार झाली. ‘आपण’, ‘आम्ही’, ‘आज्ञा व्हावी’ असे चार शब्द वर आणि खाली आजच्या शहरी घरातलं वाक्य. अठराव्या शतकातली माधवरावांची आई गोपिकाबाई आणि एकोणिसाव्या शतकातली रानड्यांची सून एकाच मराठीत बोलू लागल्या. प्रेक्षकाला ते खटकेनासं झालं, ही मला सगळ्यांत गंभीर गोष्ट वाटते.

शिवाजी सावंतांच्या ‘छावा’चं जे झालं ते याच वाटेवरचं पुढचं पाऊल. १९७९ ची ही कादंबरी २०२५ मध्ये लक्ष्मण उतेकरांनी हिंदी चित्रपट म्हणून आणली, विकी कौशल संभाजी महाराज झाले आणि चित्रपट देशभर चालला. प्रदर्शनापूर्वी त्यातल्या लेझीम नृत्यावर आक्षेप आले आणि ते दृश्य काढण्यात आलं. महाराजांना नाचताना दाखवावं की नाही यावर महाराष्ट्र हिरिरीनं बोलला. पण आजऱ्याच्या एका शिक्षकी पेशातल्या माणसानं शेकडो पानं खपून घडवलेली, संस्कृतप्रचुर, घोष असलेली मराठी त्या पडद्यावर नावालाही नाही, याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. हिंदीत करायला माझी हरकत नाही. मोठा प्रेक्षक मिळाला हे चांगलंच झालं. आपण राखण कशाची करतो आणि काय सहज जाऊ देतो, एवढंच त्यातून दिसतं.

राजेरजवाड्यांच्या बाहेर पडलं की चित्र पालटतं. आनंद यादवांच्या ‘नटरंग’वर रवी जाधवांनी केलेला चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी आला. राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची ‘दर्शन’ ही कथा मिळून राजीव पाटलांचा ‘जोगवा’ झाला. ‘जोगवा’तल्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, अजय-अतुल यांना संगीतासाठी मिळाला. दोन्ही चित्रपट गाण्यांसाठी गाजले आणि दोन्हींत कोल्हापूरच्या दक्षिणेची बोली कानावर येते. त्यातही ‘जोगवा’ मला वरचढ वाटतो. त्याचा विषयच सीमा न मानणारा आहे. यल्लम्माचा डोंगर बेळगाव जिल्ह्यात, सौंदत्तीला. तिचे जोगते आणि जोगतिणी दोन्ही राज्यांत. तिच्या नावानं माथ्यावर येणारी जट, गळ्यातलं दर्शन, हातातलं चौंडकं, परडी या वस्तूंची नावं मराठी की कानडी असा प्रश्न त्या माणसांना पडत नाही. संजय कृष्णाजी पाटील यांच्या पटकथेनं ते जग समजावून सांगण्याच्या भानगडीत न पडता तसंच समोर ठेवलं. प्रेक्षकाला प्रत्येक शब्द कळला नसेल, पण भीती, भक्ती आणि नाइलाज हे सगळं कळलं. अनोळखी बोलीमुळे प्रेक्षक तुटतो, हा वाहिन्यांचा लाडका समज ‘जोगवा’नं खोटा ठरवला आहे.

याहून जुना एक दाखला निपाणीचा आहे आणि तो कादंबरीवरचा नाही. १९८२ साली युगांतर या स्त्रियांच्या चित्रपटसमूहानं, दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली, निपाणीतल्या तंबाखू कामगार बायकांवर एक छोटा माहितीपट केला. त्या बायकांनी आपल्या बैठका आणि आपला संप कॅमेऱ्यासमोर स्वतःच पुन्हा उभा केला. तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बायका आपल्या बोलीत बोलत असताना त्यांना कोणी संवाद लिहून दिलेले नव्हते. त्याच्या काही काळ आधी, एप्रिल १९८१ मध्ये, याच निपाणीत शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांचं आंदोलन गोळीबारानं हादरलं होतं. ते सगळं दशक आता इतिहासात जमा झालं आहे. महादेव मोरे यांनी निपाणीतले ड्रायव्हर, मेस्त्री, तंबाखूच्या वखारीतल्या बायका, गिरणीत दळण टाकणारी माणसं आयुष्यभर लिहिली. ते स्वतः पिठाच्या गिरणीत बसून लिहीत. २०२४ मध्ये ते गेले. पुण्या-मुंबईच्या मालिकांनी ज्या निपाणीकडे महामार्गावरचं एक गाव म्हणून पाहिलं, तिचं समग्र चित्र त्यांच्या पुस्तकांत तयार आहे.

उरलेल्या महाराष्ट्रानं बेळगावची मराठी ऐकली ती बहुतेक एकाच माणसाच्या तोंडून. पु. ल. देशपांड्यांच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब. पु. लं.नी ते व्यक्तिचित्र प्रेमानं लिहिलं, त्याहून प्रेमानं सादर केलं, आणि त्यातला शेवट ऐकताना डोळे भरून येतात. पण ऐकणाऱ्यांनी त्यातून हेल आणि शिव्या तेवढ्या उचलल्या. कानडी हेल म्हणजे हशा, हे समीकरण तिथून रूढ झालं. आजही एखाद्या मालिकेत बेळगावकडचं पात्र आलं की ते बहुधा पाहुणा, आचारी किंवा विनोदी मामा असतं. नायकाला या बोलीत प्रेम करताना, आजीला या बोलीत मरणाबद्दल बोलताना आपण पडद्यावर किती वेळा ऐकलं? ‘जाऊलोय’, ‘करूलोय’ अशी क्रियापदं ज्यांच्या घरात रोज बोलली जातात, त्यांना आपल्या भाषेत गंभीर होण्याचा हक्क पडद्यानं जवळजवळ दिलेलाच नाही.

इंग्रजांकडे याबाबत काय घडलं ते पाहण्यासारखं आहे, कारण अभिजात कादंबरीची मालिका हा प्रकारच तिकडे रुजला. १९८१ साली ग्रॅनडा टेलिव्हिजननं एव्हलिन वॉच्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’ची अकरा भागांची मालिका केली. कादंबरी प्रथमपुरुषी आहे आणि मालिकेनं निवेदकाचा आवाज सोडला नाही. जेरेमी आयर्न्स पडद्यावर दिसतोही आणि मागून बोलतोही. १९९५ साली बीबीसीसाठी अँड्र्यू डेव्हिस यांनी जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सहा भागांत बसवली. तळ्यातून भिजून बाहेर आलेला डार्सी मूळ कादंबरीत नाही. डेव्हिस यांनी तो घातला आणि लोकांच्या लक्षात तोच राहिला. एकानं लेखकाचा शब्द जपला, दुसऱ्यानं लेखकानं न दाखवलेलं दाखवलं. दोघांनाही मर्यादित भागांची चौकट मिळाली होती आणि पटकथा पूर्ण हातात असताना चित्रीकरण करता येत होतं. आपल्याकडे दूरदर्शननं १९८५ मध्ये ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’वरूनच हिंदीत ‘तृष्णा’ केली होती. कर्नाटकातच, आगुंबेला, शंकर नाग यांनी आर. के. नारायण यांच्या कथांवरून ‘मालगुडी डेज’ केली. तिचं कौतुक आपण आजही करतो आणि ते योग्यच आहे. पण नारायण यांचं मालगुडी मुळातच इंग्रजीत बोलणारं, कल्पित गाव. त्याला कुठली बोली द्यायची हा प्रश्न शंकर नागांपुढे नव्हता. बेळगावच्या लेखकाला पडद्यावर आणणाऱ्यापुढे तो पहिल्याच पानाला उभा राहतो.

आणि असा लेखक म्हणजे प्रकाश नारायण संत. त्यांचं कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. आजोळी दत्तक गेल्यामुळे आडनाव बदललं, लेखनासाठी त्यांनी वडिलांचं नाव परत घेतलं. भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते कऱ्हाडला राहिले. साठच्या दशकात लंपनची कथा लिहून मग दीर्घ काळ थांबले आणि नव्वदच्या दशकापासून ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि अखेर ‘झुंबर’ अशी चार पुस्तकं झाली. २००३ मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या एका मुलाच्या, लंपनच्या, या कथा. सुमी, कणबर्गी गंग्या, शाळा, गाण्याचा क्लास, रेल्वे, बाजार, आणि हळूहळू या सगळ्यावर पडत जाणारी वडिलांच्या मृत्यूची सावली.

लंपनच्या या कथांवरून निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेली ‘लंपन’ ही मालिका मे २०२४ मध्ये सोनी लिव्हवर आली. मिहिर गोडबोले लंपन, गीतांजली कुलकर्णी आजी, चंद्रकांत कुलकर्णी आजोबा. त्याच वर्षी गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. राजा नाही, युद्ध नाही, कारस्थान नाही, आणि तरीही हा जुना काळच आहे. एका लहान मुलाचा जुना काळ दाखवण्यासाठी पैसे उभे राहिले, मर्यादित भागांची चौकट मिळाली आणि देशपातळीवर तिची कदर झाली, ही मोठी घटना आहे. गीतांजली कुलकर्णींची आजी पाहताना कडक शिस्त आणि माया एकाच चेहऱ्यावर कशी राहते ते कळतं. घाई नसलेली मांडणी हा या मालिकेचा सर्वांत मोठा गुण. रोजच्या मालिकेच्या तालमीत वाढलेल्या प्रेक्षकाला तिनं थांबायला लावलं.

तरी लंपनच्या कथा वाचलेल्या माणसाला मालिका पाहताना काही तरी उणं वाटत राहतं आणि त्याचं कारण अभिनयात नाही, छायाचित्रणातही नाही. पुस्तकात लंपन आपल्याशी बोलतो. प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडचं आहे. मोजता न येणारे आकडे तो ठोकून देतो, एकेक शब्द पुन्हा पुन्हा वापरतो, मोठ्यांची वाक्यं अर्धवट समजून आपल्या पद्धतीनं जुळवतो, आणि हे सगळं बेळगावी वळणाच्या मराठीत. त्या कथांत घडतं थोडं. जे घडतं त्याकडे हा मुलगा कसं पाहतो ती कथा असते. मालिकेत कॅमेरा त्याच्याकडे पाहतो. पुस्तकात आपण त्याच्या डोक्यात होतो, इथे आपण त्याच्या समोर येऊन बसलो. मग तो गोड दिसतो, निरागस दिसतो आणि आपण त्याच्यावर प्रेम करतो. पुस्तकातला लंपन नुसता गोड नाही. तो घाबरट आहे, हट्टी आहे, त्याच्या एकटेपणाला धार आहे. ती धार त्याच्या बोलण्याच्या लयीत होती. पात्रांचे संवाद कितीही नीट लिहिले, तरी निवेदनातली बोली संवादांत मावत नाही. ‘ब्राइड्सहेड’सारखा निवेदकाचा आवाज मालिकेच्या कण्यासारखा वापरला असता, आणि तोही बेळगावात वाढलेल्या एखाद्या मुलाचा किंवा म्हाताऱ्या झालेल्या लंपनचा, तर फरक पडला असता असं मला ठामपणे वाटतं.

काळाबद्दलही एक मुद्दा आहे. संतांचा जन्म १९३७ चा. त्यांचं बालपण गेलं तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी म्हैसूर राज्यात गेली. त्याआधी १९४६ मध्ये इथेच भरलेल्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला होता, म्हणजे हवेत सगळं होतंच. पण रोजच्या जगण्यात सीमा हा शब्द अजून आलेला नव्हता. एकाच गल्लीत दोन्ही भाषा, एकाच घरात आजी कानडी बोलणारी आणि नातू मराठी, बाजारात दोन्हींची सरमिसळ. पुढच्या सत्तर वर्षांत इथल्या माणसांनी पाट्यांपासून शाळांपर्यंत आणि मोर्चांपासून कोर्टापर्यंत जे सोसलं, त्या पार्श्वभूमीवर तो काळ दाखवणं म्हणजे एक हरवलेली सवय दाखवणं आहे. जुनी सायकल आणि कंदील यांनी तो काळ येत नाही. दुकानदार आणि गिऱ्हाईक वाक्याच्या मधोमध भाषा बदलतात आणि दोघांनाही त्याचं काही वाटत नाही, या एका प्रसंगानं तो येतो. सीमाभागाच्या ऐतिहासिक मालिकेची खरी मागणी ही आहे, आणि ती कलादिग्दर्शकाकडे नाही, संवादलेखकाकडे आणि ध्वनिमुद्रकाकडे आहे.

याला फार पैसा लागत नाही. नटांच्या निवडीत बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड इथल्या रंगकर्मींना जागा द्यावी लागते. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांपासून या भागाला नाटकाची परंपरा आहे आणि इथल्या हौशी संस्था आजही एकांकिका बसवतात. चित्रीकरणापूर्वी महिनाभर नटांना इथल्या बाजारात, बसस्टँडवर, देवळात बसून ऐकावं लागतं. कानडी संवाद आला तर तो मराठीत न वळवता तसाच ठेवून खाली मराठी अक्षरं द्यावी लागतात. परभाषेतल्या मालिका खालची अक्षरं वाचत पाहणारा आजचा प्रेक्षक बेळगावच्या आजीचं कानडी नक्की सहन करेल.

‘बारी’ वाट पाहते आहे. महादेव मोरेंची निपाणी वाट पाहते आहे. आनंद यादवांची ‘गोतावळा’ सगळीच्या सगळी बोलीत लिहिलेली आहे आणि तिच्यात ट्रॅक्टर येऊन बदलून जाणारं शेत आहे. ओटीटीवर सहा-आठ भागांची चौकट आता मिळू लागली आहे, ‘लंपन’नं तिला मानही मिळवून दिला आहे. मराठी निर्मात्यांनी यातली एक कादंबरी उचलावी, वाड्याआधी बोलीचा खर्च मांडावा, आणि पटकथेचं पहिलं वाचन बेळगावात, इथल्या माणसांसमोर करावं.